इंजिन गेलं म्हणजे काय गेलं?

‘‘इंजिन गेलं बगा, सर.’’

मिस्त्रींनी हात पुसत निकाल दिला. दिला तोही आमच्या ह्यांच्याकडे बघून. गाडी चालवते मी. बंद पडली ती माझ्या हातात. दोरी बांधून गॅरेजपर्यंत आणली तेव्हा स्टिअरिंगवर बसले होते तीही मीच. पण इंजिनाच्या मयतीची बातमी मात्र घरच्या पुरुषाला द्यायची, असा आपल्याकडे रिवाजच आहे. मी मध्येच विचारलं, ‘‘गेलं म्हणजे काय गेलं?’’ तर मिस्त्री पुन्हा ह्यांच्याकडेच बघून म्हणाले, ‘‘गेलं म्हंजे गेलं. आता दुसरं कुठलं तरी घाला, न्हाईतर गाडी इकून टाका.’’

मैत्रिणींनो, माझ्या त्या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला पुढे तीन आठवडे लागले. पण ते मिळालं म्हणून गाडी आज अंगणात उभी आहे, आणि नुसती उभी नाही तर चालू आहे.

आमची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. आपण सगळ्या जिला ‘व्हॅन’ म्हणतो ती. २०१९ मध्ये ती बनायची बंद झाली, पण गावोगावी अजून धावते. आमची २०१२ सालची. तेव्हा ह्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. पुढे दुकान बंद झालं, हे पतसंस्थेत लागले, मोटारसायकलवरून ये-जा करू लागले आणि गाडी अंगणात पडून राहिली. आमच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. शेवटी चौतिसाव्या वर्षी मीच गाडी शिकले. मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई क्लच सोडायला शिकते म्हणून गल्लीत बरीच करमणूक झाली. होऊ दे म्हटलं.

त्यानंतर ही गाडी हळूहळू आमच्या महिला मंडळाचीच झाली. गारगोटीच्या आमच्या भागात वाड्या डोंगराच्या कडेने विखुरलेल्या. काही वाड्यांवर एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, डोळे दाखवायचे तर बाईचा अख्खा दिवस जातो, आणि अख्खा दिवस कुणाच्या घरचे देतात? म्हणून महिन्यातून दोन खेपा मी कोल्हापूरला घालायचे. पेट्रोल मंडळाचं, गाडी आणि ड्रायव्हर फुकट.

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. दोघी आक्कांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन निघाले होते. तारीख तीन महिने थांबून मिळालेली. मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे बघते तर गरमपणाचा काटा पार वर टेकलेला. सीटखालून वाफ येऊ लागली. गाडी बाजूला घेतली, दोघींना उतरवलं. पुढे दीड तास आम्ही तिघी रस्त्याकडेच्या झाडाखाली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दवाखान्याची वेळ निघून गेली.

आता खरं सांगते. ही गाडी अचानक गेलेली नव्हती. महिनाभर वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. मी गॅरेजमधून अर्धा लिटर ऑइल घालून आणायचे, दिवा विझायचा, मी विसरायचे. शेजारचा मुलगा म्हणालाही होता, ‘‘काकू, चढाला तुमची गाडी निळा धूर सोडती.’’ मी म्हटलं, ‘‘वय झालंय रे तिचं.’’ ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ऑइल बघायचं तर सीट उचलावी लागते. त्या सीट उचलायच्या कंटाळ्यापायी हे सगळं रामायण.

झाडाखाली बसल्या बसल्या मी हे त्या थोरल्या आक्कांना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘मला दिसंना म्हणून मी निघालो हुतो. तुला दिसत हुता की गं धूर.’’

या वाक्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. ह्यांचं म्हणणं, आहे त्या अवस्थेत गाडी विकायची. पंचेचाळीस हजार देणारा माणूस त्यांनी दुसऱ्या दिवशी उभाही केला. त्यात भर घालून हप्त्यावर नवी घ्यायची. नवी व्हॅन पाच-सहा लाखांच्या घरात जाते. हप्ता ह्यांच्या पगारातून जाणार. मुलानं मुंबईहून फोनवर सांगितलं, कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून इंजिन उचलू, अठ्ठावीस हजारांत मिळतंय, दोन दिवसांत काम फत्ते. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘कशाला हवी गाडी? एवढी वर्षं केलीस की समाजसेवा.’’

नव्या गाडीचा विचार वाईट नव्हता. पण ह्यांच्या तोंडून सहज एक वाक्य निघून गेलं, ‘‘नव्या गाडीत मात्र तुझी ती सगळी बोचकी कोंबायची नाहीत हं.’’ ते काही दुष्टपणानं बोलले नाहीत. हप्ता भरणारा माणूस असं बोलणारच. पण माझ्या मनात चर्र झालं. म्हणजे नवी गाडी घरात येईल, पण माझी गाडी जाईल. वाडीवरच्या बायकांची गाडी जाईल.

माझ्याकडे स्वतःचे असे पस्तीस हजार होते. पोस्टात दरमहा पाचशे रुपयांची आरडी पाच वर्षं भरली होती, ती नुकतीच पिकलेली. कशासाठी म्हणून ठरवलेलं काहीच नव्हतं. फक्त माझे होते. ते कुठे घालायचे हे ठरवायचं, तर आधी ‘गेलं म्हणजे काय गेलं’ हे कळायलाच हवं होतं.

माझं माहेर किर्लोस्करवाडीजवळचं. नांगर बनवणाऱ्यांची ही वसाहत, आणि बायकांसाठीचं ‘स्त्री’ मासिक काढलं तेही याच किर्लोस्करांनी, १९३० साली. आईच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक होते आणि दादांच्या विहिरीवर पाच घोड्यांचं डिझेल इंजिन होतं. दोन्ही मी लहानपणापासून बघितलेलं. ते इंजिन दोनदा तरी ‘गेलं’ होतं. दोन्ही वेळा दादा आधी कान देऊन आवाज ऐकायचे, धूर बघायचे, मग मिस्त्रीला बोलवायचे. लायनर-पिस्टन बदललं की ते पुन्हा टकटक करत पाणी काढायचं. इंजिन म्हणजे एक सलग वस्तू नसते. त्यात झिजणाऱ्या वस्तू असतात आणि न झिजलेल्याही असतात, हे मला खरं तर माहीत होतं. पण गॅरेजमध्ये चार पुरुष घोळका करून उभे राहिले की बाई आपलं माहीत असलेलंही विसरते.

मग मी गाडी परतीच्या रिकाम्या टेम्पोवर घातली आणि कोल्हापूरला उद्यमनगरात नेली. उद्यमनगर म्हणजे लेथ, ड्रिल आणि फाउंड्र्यांचं माहेरघर. तिथं इंजिनाचंच काम करणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला. ‘‘धूर कवा येत हुता? सकाळी चालू करताना का चढाला?’’

मी म्हटलं, ‘‘चढाला. निळा.’’

‘‘मग ऑइल जळतंय. सकाळी एकदाच भक्कन येऊन थांबला असता तर वॉल्व्हची सीलं म्हटली असती. ती स्वस्तात हुत्यात. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, थांबायचं नावच घेत न्हाई असा असता, तर पाणी आत शिरतंय.’’

एका धुरातून एवढ्या बातम्या! आम्ही आपल्या सगळ्या धुराला ‘धूर’च म्हणतो.

मग त्यांनी कॉम्प्रेशन तपासलं. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण या तपासणीला पैसे थोडे लागतात आणि ती केल्याशिवाय इंजिनाबद्दल कुणीही छातीठोक बोलू नये. इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा-पेट्रोल दाबलं जातं. तो दाब धरून ठेवला गेला तरच ताकद मिळते. स्पार्क प्लग काढायचे, त्या भोकात दाब मोजायचं घड्याळ लावायचं आणि स्टार्टर फिरवायचा. आमच्या व्हॅनला तीन सिलिंडर. पहिल्यात आकडा आला दीडशे, दुसऱ्यात एकशे पंचेचाळीस आणि तिसऱ्यात फक्त ऐंशी! तिघींपैकी एकीनंच मान टाकली होती.

मिस्त्रींनी मग त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा एकशे वीसवर गेला. ते म्हणाले, ‘‘ऑइलनं फट बुजली, दाब वाढला. म्हंजे रिंगा आन् बोअर झिजलाय. वाढला नसता, तर वॉल्व्ह न्हाईतर गॅसकेट बगायला लागलं असतं.’’ किती सोपं! आणि तीन आठवडे मी ‘गेलं म्हंजे गेलं’ ऐकून रात्री छताकडे बघत पडत होते.

‘‘मग काय करायचं? बांधायचं की बदलायचं?’’ मी विचारलं.

‘‘त्ये आत्ताच सांगत न्हाई. आधी खालनं गाडी बगू.’’

जॅकवर चढवून त्यांनी गाडीचा तळ बघितला. स्क्रू-ड्रायव्हरनं पत्रा टोचून टोचून. मला आधी कळेना, दुखणं छातीत आणि हे तळवे का तपासतात! पण त्यांचं म्हणणं असं, की तळाचा पत्रा आणि चासी सडली असेल तर इंजिनावर रुपयासुद्धा घालू नये. सोन्याचं मंगळसूत्र करून सडक्या दोऱ्यात ओवल्यासारखं. आमचा तळ दोन ठिकाणी गंजलेला होता, पण आरपार नव्हता.

मग आला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ते म्हणाले, इंजिन खोलून, क्रँक मोजून मगच ठरवू. खोलण्या-मोजण्याचे तीन हजार. काम केलं तर ते बिलात धरायचे, नाही केलं तर माझे गेले. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. ऑइल कमी पडलं की त्याच्या बेअरिंगांवर आणि त्याच्यावर ओरखडे उठतात. क्रँक चांगला असेल तर इंजिन बांधायला हरकत नाही. तोही खराब असेल आणि हेडही वाकलं असेल, तर खर्च वाढत वाढत जातो. मग चांगलं जुनं इंजिन बघून घातलेलं बरं.

म्हणजे बदलायचं की दुरुस्त करायचं हा निर्णय एका दमात घ्यायचाच नसतो! टप्प्याटप्प्यानं घ्यायचा असतो. थोडे पैसे कळण्यासाठी खर्च करायचे, आणि कळल्यावर मोठे पैसे.

मी तीन हजार मोजले. चार दिवसांनी गेले तेव्हा आमचं इंजिन टेबलावर मांडलेलं होतं. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवून बघा म्हणाले. नखाला चर लागत होता. अॅल्युमिनियमचं हेड गरम होऊन किंचित वाकलं होतं, पण घासून सरळ होण्याइतकंच. आणि क्रँक? त्यांनी मायक्रोमीटर लावून माझ्यादेखत मोजला. मूळ मापात! बेअरिंगं घासली होती, क्रँक वाचला होता. मला तिथंच देवाला हात जोडावेसे वाटले.

मी आपली शंका काढली, ‘‘एकच सिलिंडर खराब आहे ना, मग एकाचंच काम करूया?’’ ते हसले. तिन्ही पिस्टन एकाच मापाचे लागतात, नाहीतर इंजिनाचा तोल जातो. म्हणून तिन्ही बोअर अर्धा मिलिमीटर मोठे करायचे आणि तिन्ही पिस्टन त्या मापाचे घालायचे.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. इंजिन बांधायला सगळं धरून चौतीस हजार. बोअर, पिस्टन-रिंगा, हेड, वॉल्व्ह, बेअरिंगं, टायमिंग बेल्ट, मजुरी. जुनं इंजिन अठ्ठावीस हजार, बसवायचे सहा. म्हणजे तेवढेच! शिवाय ते किती धावलंय कोण सांगणार? आरसी बुकात इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओत तो बदलून घ्यावा लागतो, विमा कंपनीला कळवावं लागतं आणि त्यासाठी ते इंजिन चोरीचं नाही हे सांगणारी पक्की पावती हवी. मुलाला फोन केला, ‘‘पावती मिळेल का रे?’’ तो म्हणाला, ‘‘साधा कागद देतो म्हणतोय.’’ तिथंच तो विषय संपला.

ह्यांचा मुद्दा मात्र वजनदार होता. ‘‘धड चालू असली तरी या गाडीचे नव्वद हजार येतील. तिच्यावर चौतीस हजार घालायचे? आणि २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. पुन्हा पासिंग. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेची पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर.’’

मी म्हटलं, गाडी विकायची असती तर तुमचा हिशेब बरोबर. पण मला ती विकायची नाही, वापरायची आहे. भाड्याच्या गाडीला कोल्हापूरची एक खेप दोन हजारांना पडते. आपल्या गाडीला पेट्रोल साडेसातशेचं. एका खेपेला साडेबाराशे वाचले, महिन्याला दोन खेपा म्हणजे अडीच हजार. चौतीस हजार चौदा महिन्यांत फिटतात. आणि २०२७ पर्यंत दोन वर्षांहून जास्त हातात आहेत. पुढे पासिंगच्या वेळी पुन्हा तळाचा पत्रा बघू आणि ठरवू.

हे वही घेऊन बघत राहिले. पतसंस्थेतला माणूस, हिशेबाला बोलायला जागा नव्हती. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘रेडिएटरचं काय? गरम कशामुळे झाली हे काढलंस का?’’ आणि त्यांचा हा प्रश्न लाखाचा होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारलं. रेडिएटर अर्धा तुंबलेला आणि एका पायपाला बारीक चीर. ते तसंच ठेवून इंजिन बांधलं असतं तर नवे पिस्टनही तापून पुन्हा चिकटले असते. त्याचे तेवीसशे वाढले. ते ह्यांनी दिले. न मागता.

जानेवारी २०२५ मध्ये गाडी बाहेर आली. मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, हजार किलोमीटर तिला जपा. पळवू नका, ओझं घालू नका, पाचशेला ऑइल बदला. नव्या सुनंवानी वागवा.’’

मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, नव्या सुनेला कुठं हो जपतात इतकं?’’ दुकानातली पोरं खो-खो हसली.

तुमच्या घरीही कधी हा प्रसंग आला, तर मी शिकले ते थोडक्यात सांगते :

– ‘इंजिन गेलं’ यावर थांबू नका. कुठला भाग गेला आणि ते कशावरून, हे विचारा.

– कॉम्प्रेशन मोजायला सांगा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या.

– इंजिनाआधी तळाचा पत्रा बघा. सुटे भाग सहज मिळतात का, तेही विचारा.

– खोलायचे आणि मोजायचे पैसे वेगळे ठरवा. क्रँकचं माप समोर घ्यायला लावा. बदललेले जुने भाग मागून घ्या.

– जुनं इंजिन घेणार असाल तर ते चालू करून, दाब मोजून आणि पक्क्या पावतीवरच घ्या. आरटीओ आणि विमा विसरू नका.

– झीज कशामुळे झाली ते कारण आधी दूर करा.

– खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशीच करू नका. गाडी नसेल तर काय खर्च येईल, त्याच्याशीही करा.

आणि हो, दर रविवारी सीट उचला. ऑइलची पट्टी पुसून, बुडवून बघायला दोन मिनिटं लागतात. मी आता तुळशीला पाणी घातलं की तेच करते.

थोरल्या आक्कांचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. पट्टी निघाल्यावर गाडीत बसताना त्यांनी आधी मागे वळून धूर बघितला. नव्हता! दुसऱ्या आक्का मात्र पुन्हा यायला तयार झाल्या नाहीत. ‘‘माज्या नशिबात न्हाई, देवानंच वाट आडीवली’’ म्हणतात. देवानं नाही हो, मी अडवली. दर महिन्याला जाऊन सांगते. अजून ऐकत नाहीत, पण मी जायचं सोडलेलं नाही.

परवा आमच्या अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. अगदी रडवेल्या आवाजात. ‘‘अहो, माझ्या स्कूटीचं इंजिन गेलं म्हणतोय तो. नवीच घ्या म्हणतोय. काय करू?’’

मी म्हटलं, ‘‘आधी त्याला विचारा, गेलं म्हणजे काय गेलं? आणि त्याच्यापुढे उभं राहून विचारा. घरच्यांना पाठवू नका.’’